नाशिकची सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि आपलं ताट: सारखे विचारले जाणारे प्रश्न

फिकट पोपटी-पिवळी, थंड प्यायची, आंबटसर पांढरी वाइन आणि तिच्यासोबत काय खायचं, एवढाच विषय. नाव लांबलचक आहे म्हणून पुढे नुसतं सॉव्हिन्यॉन लिहिते. यातले बरेचसे प्रश्न नातेवाईक, ऑफिसवाले आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांच्याकडून आलेत, उत्तरंही त्याच भाषेत आहेत. महाराष्ट्रात वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, त्याखालच्यांनी कोथिंबीर वडीचा भाग वाचून पुढे जावं.

चव नेमकी कशी असते? गोड असते का?

गोड नसते. द्राक्षातली जवळपास सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि तिचं अल्कोहोल होतं, साधारण १२ ते १३ टक्के. उरतो तो आंबटपणा आणि वास. वासात लिंबाची साल, कच्चा पेरू, पॅशनफ्रूट, कापलेलं गवत आणि बऱ्याचदा चक्क ढोबळी मिरची. हे कवित्व नाही बरं का, ढोबळी मिरचीला जो वास असतो तो ज्या पायराझिन नावाच्या रसायनांमुळे असतो तीच रसायनं या द्राक्षातही असतात, त्यामुळे "मला सिमला मिरचीचा वास येतोय, काहीतरी बिघडलंय का" असं कोणी विचारलं तर बिघडलेलं काही नाही, नाक चांगलं आहे.

घोट गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं. खाण्याशी जोडी जमते ती सगळी या पाणी सुटण्यामुळे, वासाचं त्यात काम कमी.

नाशिकच का? द्राक्षाला थंडी लागते ना?

थंडी लागते आणि नाशिकला ती मिळते, फक्त उलट्या वेळापत्रकाने. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, उन्हाळ्यात फळ धरतो आणि सप्टेंबरच्या आसपास तोडणी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात फळ धरलं तर होरपळेल, पावसाळ्यात धरलं तर भुरी आणि डावणी हे बुरशीचे रोग खाऊन टाकतील. म्हणून वर्षात दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पाऊस उतरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. मग घड हिवाळ्यात भरतात आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, त्यात सॉव्हिन्यॉनसारख्या पांढऱ्या जाती लवकर. दिवसा ऊन, रात्री गारठा (निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतोच), शिवाय नाशिकची उंची ६०० मीटरच्या आगेमागे. रात्र गार असली की द्राक्षातला आंबटपणा जळून जात नाही, आणि आंबटपणा गेला की या वाइनमध्ये काही शिल्लकच राहत नाही.

सॉव्हिन्यॉन मूळची फ्रान्सची. नाशिकला ती रुजली ती राजीव सामंत यांच्या सुला विनयार्ड्समुळे. कॅलिफोर्नियातून परत येऊन त्यांनी घरच्या जमिनीवर सॉव्हिन्यॉन आणि शेनिन ब्लाँ या दोन जाती लावल्या आणि पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि मग बाकीचे उतरले. आज "नाशिक व्हॅली वाइन" या नावाला जीआय मानांकन आहे. नाशिकबाहेरही बनते, अकलूजला फ्रातेली, कर्नाटकात ग्रोव्हर झाम्पा (त्यांची नाशिकलाही वायनरी आहे), तिकडेच हंपी भागात क्रस्मा.

खायची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं एकच का?

नाही. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही खायची, बिनबियांची, पातळ सालीची. सॉव्हिन्यॉनचा घड छोटा, मणी बारीक, आत बिया. बागेत मणी तोंडात टाकला तर गोड लागतो, जवळजवळ जास्तच, कारण तोडणीला ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बऱ्यापैकी वर गेलेला असतो, पण मागून असा आंबट येतो की दुसरा मणी घ्यावासा वाटत नाही.

किती थंड करायची?

८ ते १० डिग्री. जोडी चुकली असं लोक म्हणतात तेव्हा अर्ध्या वेळा जोडी बरोबर असते आणि वाइन गरम असते. मुंबईच्या मे महिन्यात "रूम टेंपरेचर" म्हणजे ३२ डिग्री, त्यात ही वाइन नुसती अल्कोहोलचा वास मारते आणि आंबटपणा पसरट लागतो.

फ्रिजमध्ये ठेवली की ती ४-५ डिग्रीला जाते, तिथे वास बंद होतो, म्हणून ओतायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. उन्हाळ्यात तेवढंही नको, ओतून गप्पा मारेपर्यंत चढते ती. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत होते. नुसत्या बर्फात होत नाही लवकर, पाणी लागतंच, कारण बर्फाचे खडे बाटलीला चार ठिकाणी टेकतात आणि पाणी सगळीकडून टेकतं. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका.

जोडी जमवायचा सोपा नियम सांगा ना.

या वाइनला ताटातली लिंबाची फोड समजा. ज्या पदार्थावर तुमचा हात आपोआप लिंबू पिळायला जातो त्याच्यासोबत सॉव्हिन्यॉन चालते. तळलेला मासा, कोथिंबीर वडी, कांदेपोहे (हो, पोहे, रविवारी दुपारी करून बघा), भाजलेलं कणीस, काकडीची कोशिंबीर, तंदूर चिकन. "पांढरी वाइन माशाबरोबर, लाल मटणाबरोबर" हे जे सगळ्यांना पाठ असतं ते आपल्या जेवणात फारसं उपयोगाचं नाही, कारण आपल्याकडे पापलेट खोबऱ्याच्या हिरव्या वाटणात पण असतं आणि लाल मसाल्यात बुडवलेलं पण, आणि या दोन पापलेटांना दोन वेगळ्या वाइन लागतात. मासा कोणता हे नंतर, आधी वाटण काय ते बघा.

थोडं खोलात जायचं तर पाच गोष्टी आहेत. तेल-तुपाला आंबटपणा कापतो म्हणून तळलेलं चांगलं लागतं. मीठ वाइनचा आंबटपणा मऊ करतं म्हणून खारट पदार्थासोबत हीच वाइन जास्त फळांसारखी, गोल लागते. पदार्थ आंबट असेल तर वाइन त्याच्याइतकी किंवा त्याहून जास्त आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. पदार्थ गोड असेल तर ड्राय, म्हणजे हिच्यासारखी गोड नसलेली वाइन एकदम कडू-आंबट होते. आणि तिखटाला अल्कोहोल भडकवतं. पहिल्या दोन गोष्टी आपल्या बाजूच्या, शेवटच्या दोन विरुद्ध, आणि मधली आंबटाची कोकमावर अवलंबून.

माशांमध्ये नेमकं काय?

बोंबील फ्राय. मला एकच पदार्थ निवडायला सांगितला तर हाच. बाहेर रव्याचा कुरकुरीत थर, आत जवळजवळ लोण्यासारखा मऊ मासा ज्याला स्वतःची चव फार नाही, हळद-मीठ-तिखट-लिंबू लावलेलं, आणि भरपूर तेल. प्रत्येक घासानंतर तोंड स्वच्छ करणारं काहीतरी हवं असतं, ते ही वाइन करते. तव्यावरून थेट खायचे, बोंबील पाच मिनिटांत लगदा होतो.

हिरव्या चटणीचं भरलेलं पापलेट, कोथिंबीर-पुदिना-ओलं खोबरं-लिंबू, हे त्याच्या खालोखाल. वाइनमधला हिरवा वास आणि चटणीतला हिरवा वास एकमेकांना ओळखतात. सुरमई, रावस, हलवा तळलेले असतील तर डोळे झाकून घ्या, फक्त मसाला बेताचा.

शिंपल्यांचं तर हिच्याशी नातंच आहे. तिसऱ्यांचं सुकं, ओलं खोबरं घालून, त्यात समुद्राचा खारटपणा आणि खोबऱ्याची गोडी दोन्ही असतात आणि वाइन मधून सुरीसारखी जाते. न्यूझीलंडमध्ये हिरव्या कडेचे शिंपले आणि मार्लबरोची सॉव्हिन्यॉन ही तिथली ठरलेली जोडी आहे, आपण तेच रत्नागिरीच्या मालावर करतोय. कालवं कच्ची खाणारे फ्रेंच, आपण नाही खात आणि पावसाळ्याच्या आगेमागे तर खाऊच नका, पण कालवांची भजी मिळाली कुठे तर सोडू नका.

बांगडा जरा भांडखोर. तेलकट आणि वासाला उग्र, साधी सॉव्हिन्यॉन त्याच्यापुढे बारीक वाटते. पण गोव्याच्या रेशाद मसाल्यात व्हिनेगर असतं, तिथे आंबटाला आंबट भेटतं आणि जमतं, तिखट जास्त नसेल तर. आणि एक जोडी जी मला कुठे लिहिलेली दिसली नाही: तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. तिरफळाचा तो लिंबाच्या सालीसारखा झिणझिणीत वास आणि सॉव्हिन्यॉनचा वास, दोन्ही एका रेषेत येतात. तिखट हात आखडून घाला एवढंच.

नारळाच्या रसातलं कालवण आणि भात याच्यासोबत मी ही वाइन देत नाही. रस पातळ, वाइन पातळ, तोंडात नुसतं पाणी पाणी होतं. तिथे शेनिन.

आणि सोलकढी? तीही ठेवू का?

ठेवा, पण शेवटी भातासोबत. कोकम या वाइनपेक्षा जास्त आंबट आहे, त्यात लसूण, एक वाटी सोलकढी प्यायल्यावर पुढचे दोन घोट वाइन नळाच्या पाण्यासारखी लागते. दोघांपैकी एकच निवडायची असेल तर कोकणी माणूस सोलकढी निवडेल आणि त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत, आमच्यासाठी काही आहे का?

उलट शाकाहारी जेवणात या वाइनला जास्त वाव आहे, लोक उगीच पनीर टिक्का मागवून मोकळे होतात.

कोथिंबीर वडी पहिली. वाफवून तळलेली, बेसन, तीळ, भरपूर कोथिंबीर, सोबत काही गोड चटणी न घेता. पीठ पेरलेली ढोबळी मिरची, वर सांगितलं तेच रसायन दोन्हीकडे, त्यामुळे वाइनमधला तो वास एकदम खुलतो, ज्याला वाइनमध्ये मिरचीचा वास आवडत नाही त्याने मात्र ही जोडी टाळावी. ओल्या वाटाण्याची उसळ, हिरवं वाटण घातलेली. सुरळीच्या वड्या. साबुदाणा वडा दह्याच्या चटणीसोबत (उपवासाच्या दिवशी नको, तेवढं तरी पाळा). थालीपीठ आणि लोणी, इथे लिंबाचा नियम लागत नाही पण लोण्यामुळे जमतं. भजी सगळी, विशेषतः मायाळूची आणि ओव्याच्या पानांची.

अळूवडी थोडी अवघड आहे, कारण चिंच-गूळ. गूळ कमी घालणाऱ्या घरची असेल तर छान, गोडसर असेल तर वाइन रुसते. मसालेभात, तोंडलीभात यांत गरम मसाला आणि तूप, तिथे सॉव्हिन्यॉन टिकत नाही. भरली वांगी, दाण्याचा कूट, गोडा मसाला, खोबरं भाजलेलं: नाही. वांग्याचं भरीत, कच्चा कांदा आणि कोथिंबीर घालून, खानदेशी पद्धतीचं हिरव्या मिरचीचं: हो, पण मिरच्या मोजून. गोडा मसाला आणि ही वाइन मात्र काही केल्या एका खोलीत बसत नाहीत, माझ्या हाताने तरी.

मिसळीबरोबर? नाशिकची वाइन, नाशिकची मिसळ, जमायला पाहिजे ना!

भावना समजते. नाही जमत. तर्रीतलं तिखट आणि १३ टक्के अल्कोहोल एकत्र आलं की तोंडात आग लागते आणि वाइनचा पैसा फुकट जातो. हीच गोष्ट तांबड्या रश्श्याची, ठेच्याची, झणझणीत सुक्क्याची. पांढरा रस्सा मात्र करून बघा, तो चांगला लागतो.

मिसळ खायचीच असेल आणि वाइन प्यायचीच असेल तर किंचित गोडसर शेनिन किंवा रीझलिंग घ्या, एकदम थंड, आणि तर्री वेगळ्या वाटीत. साखर तिखटाला आवरते. खरं सांगायचं तर मिसळीबरोबर ताक आणि वाइन संध्याकाळी.

चिकन-मटणाचं काय?

चिकन लिंबू-मिरी, हिरव्या वाटणाचं, मलई टिक्का, तंदूर, गोव्याचं काफ्रेआल (कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, अगदी हिच्यासाठीच केल्यासारखं): सगळं चालतं. काळ्या वाटणाचं चिकन नको. मटणाला लाल वाइन घ्या. लाल वाइन माशाबरोबर का नको याचं कारणही विचारतात लोक: लाल वाइनमध्ये लोहाचं प्रमाण बऱ्याचदा जास्त असतं, ते माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात शिळ्या माशासारखी, धातूसारखी चव येते. बांगडा आणि लाल वाइन एकदा घेऊन बघा, पुन्हा विचारणार नाही.

शेवटी श्रीखंड, पुरणपोळी, मोदक?

सॉव्हिन्यॉन तोवर संपवून टाका. गोडासोबत ती लिंबाच्या रसात ॲस्पिरिन टाकल्यासारखी लागते. लेट हार्वेस्ट शेनिन मिळते, म्हणजे द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून केलेली गोड वाइन, ती श्रीखंडाबरोबर बरी लागते. पुरणपोळीबरोबर दूध-तूपच घ्या.

हुरडा पार्टीला नेली तर?

प्लीज न्या. हुरडा जानेवारी-फेब्रुवारीतला, नाशिककडे तोडणी चालू असते तेव्हाचाच. कोवळ्या ज्वारीची दुधाळ गोडी, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, सोबत वांगं, कणीस भाजलेलं. हुरड्याची गोडी साखरेसारखी नसते, हिरवी असते, ती वाइनला बाधत नाही. गूळ आणि रेवड्या मात्र वाइन संपल्यावर.

रायगडची पोपटी त्याहून भारी. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन आणि सगळ्याभोवती भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं ठेवून आग. भांबुर्डीचा तो रानटी, ओव्यासारखा वास शेंगांत उतरतो आणि सॉव्हिन्यॉनला रानटी हिरवे वास फार आवडतात. शेतात ग्लास नसतील, स्टीलच्या पेल्यात प्या, काही होत नाही. बाटल्या परत घरी आणा आणि गाडी न पिणाऱ्याने चालवा: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा आहे, आणि ही मर्यादा लोकांना वाटते त्यापेक्षा खूप कमी आहे.

चीज कोणतं?

बकरीच्या दुधाचं, मऊ, ताजं. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात सांसेर नावाचा भाग आहे, तिथली पांढरी वाइन पूर्णपणे सॉव्हिन्यॉनचीच आणि तिथल्याच शाविन्योल गावचं बकरीचं चीज, दोन्ही एकाच टेकडीवरचं. आपल्याकडे बकरीचं चीज मोठ्या शहरांत मिळतं, महाग असतं. नसेल तर ताजं पनीर, मीठ, मिरी, लिंबाची साल किसून, वर थोडं तेल. प्रोसेस्ड चीजचे क्यूब नका देऊ कोणाला.

शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यॉन यात घेऊ कोणती?

पहिल्यांदा पिणारा असेल, जेवण तिखट असेल, नारळ जास्त असेल तर शेनिन. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन किंचित गोडसर केलेल्या असतात, पिकलेल्या केळ्या-अननसाकडे झुकणाऱ्या. तळलेलं, खारट, हिरवं, लिंबू असलेलं असेल तर सॉव्हिन्यॉन. घरी आठ माणसं जेवायला असतील तर दोन्ही एकेक आणा, स्टार्टरला सॉव्हिन्यॉन, जेवणाला शेनिन.

दुकानात गेल्यावर काय बघायचं?

पहिलं, साल. सॉव्हिन्यॉन ताजी प्यायची वाइन आहे, जितकी जुनी तितकी चांगली हे हिला लागू नाही. लेबलवरचं साल एक-दोन वर्षांच्या आतलं असावं, चार वर्षांपूर्वीची बाटली "जुनी आहे मॅडम, भारी आहे" म्हणून देत असतील तर ठेवा म्हणावं तिथेच. दुसरं, बाटली कुठे ठेवली होती. काउंटरमागे उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली महिनोन्महिने उभी असलेली नको, फ्रिजमधली मागा. रंग गडद सोनेरी दिसत असेल तर ती थकलेली आहे.

फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्तातली, असं नाही. न्यूझीलंडमध्ये जवळपास सगळी सॉव्हिन्यॉन फिरकीच्या झाकणात येते, कारण ताजेपणा टिकतो आणि बुचाचा कुबट वास लागायची भीती नाही. शिवाय ओपनर शोधत घरभर फिरावं लागत नाही. साधी चांगली देशी बाटली महाराष्ट्रात हजाराच्या आगेमागे येते, त्याच पैशात आलेली परदेशी बाटली सहसा त्या लायकीची नसते, बराच पैसा करातच गेलेला असतो. बाटली ७५० मिलीची, त्यात पाच ग्लास.

आम्ही परदेशात आहोत, नाशिकची मिळत नाही.

मग तर मजा आहे. कोथिंबीर वड्या, काफ्रेआल, हिरवं वाटण असेल तर मार्लबरो, तिचा वास जोरकस असतो आणि आपल्या मसाल्यापुढे दबत नाही. साध्या तळलेल्या माशाला सांसेर, पण ती महाग, तिच्याऐवजी त्याच ल्वारमधली तूरेन. पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्द, हलकी, बऱ्याचदा ११ टक्क्यांच्या आसपास आणि थोडी बुडबुडे असलेली, भज्यांबरोबर उन्हाळ्यात हिच्यासारखं काही नाही, आणि अल्कोहोल कमी म्हणून तिखटही जरा जास्त झेपतं. स्पेनची अल्बारिन्यो शिंपल्यांना आणि कोळंबीला.

बर्फ टाकला तर चालेल का? सोडा?

तुमची वाइन आहे, तुम्ही ठरवा. बर्फ वितळला की आंबटपणा पातळ होतो आणि तेवढ्यासाठीच तर आणली होती. बाटली नीट गार केली तर बर्फ लागत नाही. ग्लास अर्ध्याहून कमी भरा आणि दांडीला धरा, हात गरम असतात. सोडा घालायचा तर उरलेल्या, दुसऱ्या दिवशीच्या वाइनमध्ये घाला, लिंबाची चकती टाकून, चांगलं लागतं.

सासरे व्हिस्की पिणारे आहेत, म्हणतात "याने काय होतंय?"

दोन ग्लासांनंतर उठताना कळेल त्यांना. थंड आणि हलकी लागते म्हणून सरबतासारखी पोटात जाते, पण साध्या, स्ट्राँग नसलेल्या बिअरच्या दुपटीहून जास्त अल्कोहोल आहे तिच्यात. त्यांना पेगच्या हिशोबाने नका देऊ, गरम बोंबील समोर ठेवा आणि लहान ग्लास द्या. वाद घालू नका, बोंबील घालतील.

व्हेज असते का? आणि तळाशी साखरेसारखे खडे दिसले ते काय?

वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन किंवा माशाच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात, पांढऱ्या वाइनला बऱ्याचदा बेंटोनाइट नावाची माती वापरतात. काटेकोर पाळत असाल तर लेबल बघा किंवा वायनरीला विचारा, बऱ्याच जणांकडे सरळ उत्तर मिळतं. खडे म्हणजे टार्टारिक आम्लाचं मीठ, थंडीने खाली बसतं, अपाय काही नाही. सल्फाइटने डोकं दुखतं असं सगळे म्हणतात, पण सल्फाइट सहसा पांढऱ्यात लालपेक्षा जास्त असतात आणि डोकं दुखल्याची तक्रार लालची जास्त येते, तेव्हा आधी पाणी किती प्यायलात ते आठवा. दमा असेल तर मात्र जपून, सल्फाइटचा त्रास काही दमेकऱ्यांना खरंच होतो. गरोदर असाल तर अजिबात नको, आणि कुठली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, मला नको.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन दिवस मस्त, तिसऱ्या दिवशी बरी. वास आधी उडतो, आंबटपणा राहतो. दोघांनाच प्यायची असेल तर ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळते का बघा.

उरलेल्या वाइनचं काय करू?

तिसऱ्या. पाऊण किलो तिसऱ्या खाऱ्या पाण्यात तासभर ठेवून वाळू सोडू द्या, मग दोन-तीन पाण्यांतून धुवा, फुटलेल्या आणि टिचकी मारल्यावरही न मिटणाऱ्या बाजूला काढा. पसरट कढईत लोणी, त्यात ठेचलेला लसूण सात-आठ पाकळ्या, एक हिरवी मिरची उभी चिरून, लसूण लाल व्हायच्या आत अर्धी वाटी वाइन. मोठ्या आचेवर उकळी येऊन अल्कोहोलचा उग्र वास कमी झाला की तिसऱ्या टाका, झाकण ठेवा, चार-पाच मिनिटं. शिंपल्या उघडल्या की मूठभर कोथिंबीर आणि थोडं ओलं खोबरं. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, तिसऱ्यांचं स्वतःचं पाणी खारट असतं. सगळं अल्कोहोल उडत नाही, तेव्हा मुलांसाठी वाइनऐवजी लिंबू-पाणी घालून वेगळं करा. खाली जो रस उरतो त्याला पाव लागतो, साधा लादी पाव, तव्यावर गरम केलेला. ज्या शिंपल्या शेवटपर्यंत उघडत नाहीत त्या टाकून द्या, चाकूने उघडायला बसू नका.